कुंपणापलीकडची वस्ती : भोपाळची वायुदुर्घटना आणि आपत्तीची पूर्वतयारी

भोपाळ शहराच्या उत्तर भागात, बेरसिया मार्गालगत, युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचा कारखाना १९६९ साली सुरू झाला. पिकांवरील किडीचा नाश करणारे ‘सेव्हिन’ नावाचे द्रव्य तेथे तयार होत असे. त्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी रसायन प्रथम परदेशातून आणले जाई. १९८० पासून ते कारखान्यातच तयार होऊ लागले व जमिनीत अर्धवट पुरलेल्या मोठ्या टाक्यांत साठविले जाऊ लागले. कारखान्याच्या कुंपणासमोर जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड यांसारख्या दाट वस्त्या होत्या. तेथे हमाल, रेल्वेचे कामगार, विडी वळणाऱ्या स्त्रिया, हातगाडीवाले अशी कष्टकरी माणसे राहत होती. शेतीचे औषध करणारा कारखाना, एवढीच त्यांच्या लेखी त्याची ओळख होती. टाकीत काय आहे, ते बाहेर आल्यास काय होईल आणि तसे झाल्यास आपण काय करावे, हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. पाण्याशी संयोग होताच या रसायनातून प्रचंड उष्णता निर्माण होते, दाब वाढतो आणि द्रवाचे वायूत रूपांतर होते. मध्यरात्रीनंतर सुरक्षा झडप उघडली व सुमारे ४० टन वायू थंडीच्या स्तब्ध हवेत बाहेर पडला. वारा मंद होता आणि शहराच्या दिशेने वाहत होता.

असे घडू नये म्हणून कारखान्यात साधने नव्हती असे नव्हे. रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवणारे शीतयंत्र होते. परंतु ते काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आले होते. वायू धुऊन निरुपद्रवी करणारे संयंत्र होते. एवढ्या मोठ्या लोटापुढे ते निष्प्रभ ठरले. वायू जाळून टाकणारा मनोरा होता. त्याच्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. पाण्याचे फवारे होते. ज्या उंचीवरून वायू सुटत होता तेथवर ते पोहोचले नाहीत. एका साधनाने दगा दिल्यास दुसरे उपयोगी पडावे, ही सुरक्षाशास्त्राची मूळ कल्पना. येथे सर्व साधने कागदावर शाबूत होती आणि प्रत्यक्षात एकही कामाला आले नाही.

मृतांचा अधिकृत आकडा प्रथम २,२५९ सांगण्यात आला. पुढे मध्य प्रदेश शासनाने तो ३,७८७ असा दिला. प्रत्यक्ष जीवितहानी याहून पुष्कळ अधिक होती असे अनेक संघटना व अभ्यासक मानतात. डोळे, फुप्फुसे व अन्य व्याधींनी पीडित झालेल्यांची गणती पाच लाखांवर गेली. कारखान्यातील यंत्रांची कहाणी आजवर पुष्कळ सांगितली गेली आहे आणि न्यायालयांतही तिचा ऊहापोह झाला आहे. कुंपणाबाहेरील माणसांची पूर्वतयारी हा विषय मात्र मागे पडतो, आणि खेड्यापाड्यांच्या दृष्टीने तोच अधिक निकडीचा आहे.

भोंग्याचा अर्थ

कारखान्याला भोंगा होता. तो या ना त्या कारणाने वरचेवर वाजत असे आणि आसपासच्या लोकांच्या कानांना त्याची सवय झालेली होती. त्या रात्री एकच्या सुमारास तो मोठ्याने वाजला व काही मिनिटांतच बंद करण्यात आला. पुढे काही काळ केवळ कारखान्याच्या आत ऐकू जाईल असा इशारा चालू राहिला. बाहेरच्या लोकांनी घाबरून जाऊ नये, असा यामागील विचार असल्याचे नंतर सांगण्यात आले. मोठा भोंगा पुन्हा सुरू झाला तोवर वायू वस्त्यांत शिरलेला होता. लोक जागे झाले ते भोंग्याने नव्हे. खोकल्याने आणि डोळ्यांच्या आगीने झाले. कोठे तरी मिरच्या जाळल्या असाव्यात, अशी अनेकांची समजूत झाली.

घराबाहेर पडलेला जनसमुदाय पळत सुटला. जिकडे वारा चालला होता तिकडेच पुष्कळ जण धावले, म्हणजे वायूच्या बरोबरीने धावले. धावताना श्वास खोल जातो आणि विषारी वायू तितकाच अधिक शरीरात शिरतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत होता. म्हणून लहान मुलांना आणि पडलेल्यांना त्याचा अधिक मारा बसला. ओले कापड नाकातोंडावर धरून वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत जावे, एवढी एकच सूचना लोकांना आधी मिळाली असती, तर हानी पुष्कळ कमी झाली असती. या रसायनाचा पाण्याशी संयोग होतो, म्हणूनच ओल्या कापडाचा उपयोग होतो. हे ज्ञान दुर्मीळ नव्हते. ते कुंपणाच्या आत होते.

रुग्णालयांतही हीच स्थिती होती. हमिदिया रुग्णालयात पहाटेपर्यंत हजारो रुग्ण आले. वायू कोणता, त्यावर उतारा कोणता, याची निश्चित माहिती तेथील डॉक्टरांना मिळत नव्हती. डोळ्यांत औषधाचे थेंब, श्वासासाठी प्राणवायू, एवढ्यावर त्यांनी व वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रात्र काढली. त्यांच्या सेवावृत्तीविषयी दुमत नाही. परंतु शहराच्या मध्यवर्ती रुग्णालयापाशी शेजारच्या कारखान्यातील रसायनांची साधी यादी व त्यांवरील उपचारांची टिपणे असू नयेत, ही गोष्ट आज वाचतानाही खटकते.

धोक्याची सूचना अगोदर मिळालेली नव्हती काय? मिळालेली होती. १९८१ च्या अखेरीस फॉस्जीन वायूच्या गळतीने कारखान्यातील एक कामगार मृत्युमुखी पडला होता. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या लेखांतून या कारखान्यामुळे शहरावर ओढवू शकणाऱ्या संकटाचा इशारा दिला होता. १९७५ च्या भोपाळ विकास आराखड्यात उपद्रवकारक उद्योग शहरापासून दूर असावेत असे सुचविण्यात आले होते. कारखाना हलला नाही, उलट त्याभोवतीची वस्ती वाढत गेली, आणि १९८४ मध्येच झोपडपट्टीतील अनेकांना राहत्या जागेचे पट्टेही देण्यात आले. गरिबाला छप्पर मिळावे हे योग्यच. तथापि पट्टा देताना शेजारी काय आहे हे सांगणे कोणाच्याच कामात मोडत नव्हते.

रेल्वे स्थानकावरील प्रसंग

त्याच रात्री भोपाळ रेल्वे स्थानकावर जे घडले ते स्वतंत्रपणे लक्षात घेण्यासारखे आहे. कारखान्यापासून स्थानक फार दूर नाही. उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर हे त्या वेळी कामावर होते. फलाटावर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती आणि ती सुटण्यास अवकाश होता. घसा जळू लागला, माणसे कोसळू लागली. वायू कोणता हे दस्तगीर यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता गाडी वेळेपूर्वी सोडून दिली व विदिशा, इटारसी या दोन्ही बाजूंच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या पाठवू नयेत असे कळविले. शेकडो प्रवासी त्यामुळे वायूच्या तडाख्यातून सुटले. स्थानकावरील अनेक रेल्वे कर्मचारी मात्र मृत्यू पावले. दस्तगीर यांना वायूबाधेमुळे पुढील आयुष्यात दुर्धर आजार सोसावा लागला व २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

दस्तगीर यांचे धैर्य असामान्य होतेच. परंतु ते धैर्य फलद्रूप झाले यामागे आणखीही एक कारण आहे. रेल्वेत एका स्थानकाने दुसऱ्यास तात्काळ कळविण्याची व्यवस्था असते, तिचा रोजचा सराव असतो आणि गाडी कोणी थांबवावी, कोणी सोडावी हे ठरलेले असते. संकट अनोळखी होते, परंतु यंत्रणा ओळखीची होती. वस्त्यांमध्ये तशी कोणतीच यंत्रणा नव्हती. कोणी दार ठोठवावे, कोणत्या रस्त्याने जावे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोणी उचलावे, काहीच ठरलेले नव्हते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात दिला, लष्कराची वाहने धावली, परगावची माणसे मदतीस आली; पण हे सारे वायू पसरल्यानंतरचे.

‘ऑपरेशन फेथ’ आणि उडालेला विश्वास

दुर्घटनेनंतर कारखान्यात अद्याप काही मिथिल आयसोसायनेट शिल्लक होते. ते तसेच ठेवणे धोक्याचे आणि हलविणे त्याहून धोक्याचे. अखेर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. एस. वरदराजन यांच्या मार्गदर्शनाखाली ते रसायन वापरूनच संपवावे, म्हणजे त्याचे कीटकनाशकात रूपांतर करावे, असा निर्णय झाला. १६ डिसेंबर १९८४ रोजी या कामास आरंभ झाला. त्यास ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम, असे नाव देण्यात आले.

पहिल्या रात्री जे जे नव्हते ते सर्व या वेळी होते. दिवस व वेळ आधी जाहीर करण्यात आली. शाळा बंद ठेवण्यात आल्या, निवारा शिबिरे उघडण्यात आली. कुंपणावर ओली गोणपाटे बांधण्यात आली, हेलिकॉप्टरमधून पाणी फवारण्यात आले, वाऱ्यावर नजर ठेवण्यात आली. काम निर्विघ्न पार पडले. असे असूनही लाखाहून अधिक लोक आगगाड्या, बसगाड्या, बैलगाड्या, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून निघून गेले होते. काहींना हा लोकांचा अविचार वाटला. वास्तविक दोन आठवड्यांपूर्वी ज्यांना कोणी काही सांगितले नाही, त्यांनी आता सांगितलेल्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न वाजवी होता. संकटाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना लोक मानतात ती सूचना देणाऱ्या माणसाला ते आधीपासून ओळखत असतील तर.

चाळीस वर्षांनंतरही हा प्रश्न शिळा झालेला नाही. भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बंदिस्त वाहनांतून पिथमपूर येथे नेण्यात आला व काही महिन्यांत तेथील भट्टीत जाळण्यात आला. वाहतुकीची व्यवस्था चोख होती. पण पिथमपूरचे नागरिक रस्त्यावर उतरले. आपल्या गावात काय येत आहे हे आपल्याला पुरेसे सांगितले गेले नाही, अशी त्यांची भावना होती.

कायद्याने दिलेला अधिकार

भोपाळनंतर कायद्यात महत्त्वाचे बदल झाले. १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांबरोबरच स्थानिक प्राधिकरणास व शेजारच्या जनतेस देणे कारखानदारावर बंधनकारक करण्यात आले. धोकादायक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठा साठा बाळगणाऱ्या कारखान्याने कुंपणाच्या आतील आपत्कालीन आराखडा तयार ठेवावयाचा असतो व दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावयाची असते. कुंपणाबाहेरील आराखडा जिल्हा प्रशासनाने करावयाचा असतो. अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचू शकेल त्यांना धोक्याचे स्वरूप व घ्यावयाची दक्षता आधीच कळविली पाहिजे, असेही हे नियम सांगतात.

१९९६ च्या नियमांनी याही पुढचे पाऊल टाकले. केंद्र, राज्य, जिल्हा आणि औद्योगिक क्षेत्र अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमण्याची तरतूद झाली. यांपैकी स्थानिक आपत्ती गट हा गावाच्या सर्वांत जवळचा. त्यात उपविभागीय दंडाधिकारी, कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रमुख, गटविकास अधिकारी व आरोग्य अधिकारी यांच्याबरोबर स्थानिक डॉक्टर, समाजसेवक, वृत्तपत्राचे संपादक आणि सरपंच किंवा गावातील प्रमुख व्यक्ती यांनाही स्थान आहे. या गटाची सभा दर महिन्यास व्हावी आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण स्वरूपाची तालीम व्हावी, असे नियम म्हणतो. नागरिकांनी मागणी केल्यास संभाव्य अपघातासंबंधी माहिती देणे हेही गटाचे कर्तव्य आहे. मागणी हा शब्द येथे महत्त्वाचा. ज्या गावाने कधी विचारलेच नाही, त्या गावापर्यंत आराखडा बहुधा आपण होऊन चालत येत नाही. तो कपाटात सुरक्षित राहतो.

कायदा असूनही काय घडू शकते हे ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणम येथे दिसले. तेथील कारखान्यातून स्टायरीन वायू सुटला व बारा जणांचा मृत्यू झाला. कारखान्यात धोक्याचा भोंगा सुरू करण्यासाठी ३६ ठिकाणी व्यवस्था होती. त्यांपैकी एकाही ठिकाणाहून तो वाजविला गेला नाही, असे चौकशी समितीला आढळले.

गावाने काय करावे

महाराष्ट्रात तारापूर, ठाणे-बेलापूर, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा रासायनिक उद्योगांच्या पट्ट्यांत शेकडो गावे कारखान्यांच्या सावलीत आहेत. डोंबिवली येथे मे २०१६ मध्ये व पुन्हा मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी कुंपणाबाहेरील घरांच्या काचा फोडल्या, हे फार जुने नाही. ज्या गावात कारखाना नाही तेथेही नळपाणी योजनेत क्लोरीनची नळकांडी असू शकतात, बर्फाच्या कारखान्यात वा शीतगृहात अमोनिया असतो, महामार्गावरून टँकर जातात.

म्हणून पहिले काम माहितीचे. सर्व वायूंना एकच उपाय लागू पडत नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड आहे. तो सुटल्यास खोलगट भागात थांबू नये, उंचावर जावे. स्वयंपाकाचा वायूही जड असून तो पेट घेतो. त्याच्या टँकरला अपघात झाल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये, चूल, विडी व वाहनाचे इंजिन यांपासून दूर राहावे. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे ओल्या कापडाचा तेथे चांगला उपयोग होतो. टँकरच्या बाजूस व मागे लावलेल्या फलकावर रसायनाचे नाव, संकेतांक व दूरध्वनी क्रमांक असतो. सुरक्षित अंतरावरून तो वाचून ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळविल्यास मदत करणारे योग्य साधने घेऊन निघू शकतात. उलटलेल्या टँकरमधील इंधन कळशीत भरून नेण्याचा मोह मात्र प्राणघातक ठरतो. असे प्रसंग देशात वारंवार घडले आहेत.

दुसरे काम वाऱ्याचे. कारखान्यावर व गावातील उंच इमारतीवर वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी असावी. ती नसेल तर शाळेचा ध्वजस्तंभ, देवळावरील पताका, चुलीचा धूर हेही पुरते. गावातून बाहेर पडण्याचे किमान दोन रस्ते ठरवावेत व ते परस्परांस काटकोनात असावेत, म्हणजे वारा कोणताही असला तरी एक मोकळा राहील. पक्के घर असेल आणि वायू अल्पकाळ टिकणारा असेल तर दारेखिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून आत राहणे कित्येकदा अधिक हिताचे असते. कुडाच्या वा पत्र्याच्या घरांना हा सल्ला लागू नाही. कोणत्या वस्तीने थांबावे व कोणत्या वस्तीने निघावे, हे स्थानिक गटाने कारखान्याच्या तज्ज्ञांसह आधीच ठरवून सांगावयास हवे.

भोंग्याची खूण तर पाठच झाली पाहिजे. धोका सुरू झाल्याचा भोंगा कसा, संपल्याचा कसा व नुसत्या चाचणीचा कसा, हे कारखान्याने लेखी कळवावे आणि ग्रामपंचायतीने ते फलकावर लावावे. या बाबतीत शिक्षकांइतका उपयोग अन्य कोणाचा होणे कठीण. चौथीच्या मुलाला जी गोष्ट शाळेत समजते ती त्याच दिवशी संध्याकाळी घरी पोहोचते. आईवडील अक्षरशत्रू असले तरी अडत नाही.

गल्लीवार दोन-दोन माणसे नेमावीत. अंथरुणाला खिळलेले, गरोदर, ऐकू न येणारे, एकटे राहणारे अशांची यादी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्याजवळ बहुधा तयारच असते. ती गल्लीच्या माणसांना माहीत असावी. कारखान्यातील रसायनांची यादी व प्रथमोपचाराची टिपणे मराठीत करून प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावीत, आणि वैद्यकीय अधिकारी बदलून गेले की नव्या अधिकाऱ्यांना ती दाखवावीत. गुरांची दावी सोडून द्यावीत, पण त्यांच्यासाठी मागे फिरू नये. शेतकऱ्याला हे सांगणे सोपे नाही. म्हणूनच तालमीच्या वेळी यावर मोकळेपणाने बोलणे झाले पाहिजे.

तालमींविषयी एक गोष्ट अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. त्या बहुधा सकाळी अकराच्या सुमारास, छायाचित्रकारांच्या उपस्थितीत, कारखान्याच्या फाटकाशी होतात व बाराला चहापाणी होऊन संपतात. भोपाळचा वायू मध्यरात्रीनंतर सुटला, विशाखापट्टणमचा पहाटे तीनच्या सुमारास. वर्षातील निदान एक तालीम रात्रीची, विजेचे दिवे बंद ठेवून आणि कुंपणाच्या बाहेर घेतली, तर भोंगा गावच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातो की नाही, एवढे तरी त्या रात्री कळेल.